‘बहुधा कर्करोगकारक’ गट २ए : स्वयंपाकघर, शेत आणि कारखान्यात नेमकं काय करायचं?

रसायनशाळा (धागाकर्ता)

आयएआरसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. मुख्यालय फ्रान्समधल्या ल्यों शहरात, स्थापना १९६५, जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली. हिच्या यादीतली नावं दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि मटण, मोबाइल, चिप्स, तणनाशक, तंबाखू सगळं एकाच दमात ‘कॅन्सर होतो’ म्हणून सांगितलं जातं. इथे या विषयात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी यादी वाचायची कशी ते. गट १ म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पक्कं : तंबाखू, सुपारी, दारू, अ‍ॅफ्लाटॉक्सिन, डिझेलचा धूर. गट २ए म्हणजे बहुधा. २बी म्हणजे शक्यता आहे. गट ३ म्हणजे सध्याच्या माहितीवर वर्गवारी करता येत नाही. पूर्वी गट ४ सुद्धा होता, त्यात कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) हा एकुलता एक पदार्थ. २०१९ मध्ये त्या गटालाच रजा मिळाली.

हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. किती खाल्लं किंवा हुंगलं तर धोका किती वाढतो, ते सांगत नाहीत. म्हणून सिगारेट आणि सॉसेज दोन्ही गट १ मध्ये बसतात आणि तरी दोघांच्या बळींची तुलना होत नाही.

२०१९ च्या नियमांनुसार पदार्थ २ए मध्ये जायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात : माणसांमधला मर्यादित पुरावा, प्राण्यांमधला पुरेसा पुरावा, आणि पेशींच्या पातळीवर कर्करोग कसा घडतो याचा भक्कम पुरावा. या दोनपैकी किमान एक गोष्ट माणसांवरून किंवा मानवी पेशींवरून आलेली हवी. म्हणजे नुसत्या उंदरांच्या जोरावर २ए मिळत नाही.

सध्या या गटात शंभराच्या आत नोंदी आहेत. आपल्या ओळखीच्या : अ‍ॅक्रिलामाइड, लाल मांस, ६५ अंशांवरची गरम पेयं, उच्च तापमानाच्या तळणातला धूर, चुलीतला लाकूड-गोवऱ्यांचा धूर, ग्लायफोसेट (तणनाशक), मॅलॅथिऑन आणि डीडीटी (कीटकनाशकं), स्टायरीन (फायबरच्या वस्तूंच्या रेझिनमधलं रसायन), ड्रायक्लीनिंगचं पर्क्लोर, शिशाची असेंद्रिय संयुगं, रात्रपाळी, केशकर्तनाचा व्यवसाय, आणि जुलै २०२४ पासून टाल्क (टाल्कम पावडरीतलं खनिज).

ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यातलं लिहावं. ‘मग जगायचं कसं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

निळू_७२

मग जगायचं कसं? 😀

एक भर. मोबाइलच्या लहरी २ए मध्ये नाहीत, २०११ पासून २बी मध्ये आहेत. अ‍ॅस्पार्टेमही २बी, २०२३ पासून. फॉरवर्डमध्ये दोन्ही सर्रास वरच्या गटात ढकललेले असतात.

---

अन्नतंत्र

अ‍ॅक्रिलामाइडचं मी घेते.

हे कुणी अन्नात घालत नाही, भाजताना-तळताना आपोआप तयार होतं. अ‍ॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा १२० अंशांच्या वर, कमी ओलाव्यात एकत्र आल्या की होतं. खरपूस रंग आणि वास ज्या प्रक्रियेतून येतो, तिचंच हे अपत्य. त्यामुळे उकडलेला बटाटा, भात, वरण, इडली, मोदक यांत त्याची चिंता नाही. कुकरमध्ये तापमान १२० च्या आसपास पोचतं, पण पाणी भरपूर असतं म्हणून तिथेही नगण्य.

अन्नात ते सापडलं ती हकिगत वाचण्यासारखी आहे. १९९७ मध्ये दक्षिण स्वीडनमधल्या हालान्सोस रेल्वे बोगद्यात गळती बंद करायला अ‍ॅक्रिलामाइडचं मिश्रण भरलं. ते पाण्यात उतरलं, खालच्या ओढ्यातले मासे मेले, गाईंचे पाय लुळे पडले. कामगारांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेलं अ‍ॅक्रिलामाइड मोजलं, तर ज्यांचा बोगद्याशी काही संबंध नाही अशा तुलनेच्या गटाच्या रक्तातही ते निघालं. मग येतंय कुठून? स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेटा टॉर्नक्विस्ट यांच्या गटाने तळलेलं खाद्य देऊन उंदीर तपासले आणि धागा स्वयंपाकघरापर्यंत नेला. एप्रिल २००२ मध्ये स्वीडिश अन्न प्रशासनाने ते जाहीर केलं. २ए चा शिक्का मात्र त्याआधीचा, १९९४ चा. तेव्हा ते कारखान्यातलं रसायन म्हणूनच ओळखलं जायचं.

शरीरात त्याचं ग्लायसिडामाइड होतं आणि ते डीएनएला चिकटतं. उंदरांमध्ये गाठी होतात हे स्पष्ट आहे. माणसांच्या आहारावरचे अभ्यास एकमुखी नाहीत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये असा हिशोब मांडला : प्राण्यांमध्ये परिणाम मोजता येईल अशी पातळी शरीराच्या दर किलोमागे रोज ०.१७ मिलिग्रॅम. माणसाच्या पोटात जाणारी मात्रा आणि ही पातळी यांत सरासरी प्रौढासाठी साधारण ४२५ पट अंतर, आणि भरपूर खाणाऱ्या लहान मुलांसाठी फक्त ५० पट. अशा पदार्थांना हे अंतर १०,००० पट असावं अशी अपेक्षा असते. म्हणून कमी करा म्हणतात. एक प्लेट काचऱ्यांनी काही होत नाही, पण चिप्सचं पाकीट हाच रोजचा डबा असलेल्या मुलाचा हिशोब वेगळा.

आता घरचं :

१) बटाट्याच्या चकत्या किंवा फिंगर्स कापल्यावर धुवा आणि भिजवा. ब्रिटनमध्ये २००८ साली फ्रेंच फ्राइजवर मोजलेले आकडे : नुसतं धुतल्याने २३ टक्के घट, अर्धा तास भिजवल्याने ३८, दोन तासांनी ४८. अट अशी की तळण फिकट रंगावर थांबवलं पाहिजे. भिजवून नंतर तपकिरी तळलं तर मेहनत पाण्यात.

२) तेल १७५ अंशांच्या वर नेऊ नका. थर्मामीटर नसेल तर तेलातून निळसर धूर दिसण्याच्या खूप आधी थांबायचं, एवढं तरी पाळा. तेलाच्या मानाने घाणा लहान ठेवा, लिटरभर तेलाला साधारण १०० ग्रॅम. मोठा घाणा टाकला की तेल एकदम थंडावतं, आपण आच वाढवतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पाणी उडालेलं असताना तापमान उसळतं. अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं ते मुख्यतः या शेवटच्या टप्प्यात.

३) पुसून कोरडं करूनच तळा. ओले तुकडे जास्त वेळ कढईत राहतात, कडा करपतात आणि मध्य पांढरा राहतो.

४) सोनेरी रंगाला झारा लावा. तपकिरी, काळपट तुकडे बाजूला काढून टाका.

आपल्या उन्हाळी वाळवणात बटाट्याच्या चकत्या उकळत्या पाण्यातून काढून मग उन्हात घालतात ना, ते या दृष्टीने उत्तम. गरम पाण्यात साखर आणि अ‍ॅस्पॅराजिन दोन्ही उतरतात. ते वेफर्स तळताना काही सेकंदांत फुलतात, रंगही पांढराच राहतो.

---

ओवी

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत म्हणतात ते यासाठीच का? आणि बाजारात कधी कधी गोडसर बटाटे येतात, तळले की लगेच लाल होतात. ते काय प्रकरण आहे?

---

सातगाव_पठार

ओवीताई, ते शीतगृहातले बटाटे. २ ते ४ अंशांत कोंब येत नाहीत, पण स्टार्चची साखर होते. म्हणून वेफर्सचे कारखाने तो माल घेत नाहीत. त्यांचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि कोंब थांबवायला सीआयपीसीची धुरी देतात. शिवाय वाणच वेगळे असतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे कुफ्री चिप्सोना वाण त्यासाठीच काढलेले, साखर कमी आणि घट्ट माल जास्त.

गोड झालेला बटाटा १५ ते २० अंशांत दोन-तीन आठवडे पसरून ठेवला तर साखर बऱ्यापैकी उतरते. पूर्ण नाही, पण फरक तळणात दिसतो. खरेदीच्या वेळी लगेच तपासायचं तर लघवीतली साखर तपासायची ग्लुकोज पट्टी कापलेल्या बटाट्यावर दाबतात. रंग गडद झाला की तो ढीग भाजीला, तळणाला नाही. आणि प्रत्येक ढिगातले निदान आठ-दहा बटाटे कापून बघावे. एका बटाट्यावरून पोत्याचा न्याय करू नये.

---

लॅबकोट

फ्रिजबद्दल एक दुरुस्ती. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा जुना सल्ला ‘फ्रिजमध्ये नको’ असाच होता. नंतरच्या अभ्यासात घरगुती फ्रिज आणि थंड अंधारी जागा यांत फारसा फरक आढळला नाही, म्हणून आता तिथे फ्रिज चालतो म्हणतात. शीतगृहातले महिनोन्महिने आणि घरातले आठ दिवस यांत फरक असणारच.

---

सातगाव_पठार

मान्य. पण तळणासाठी मी तरी टोपलीच म्हणेन. आपल्याकडे विकत आणलेला बटाटा आधीच शीतगृहातून आलेला असू शकतो, त्यात आणखी भर कशाला?

---

अन्नतंत्र

दोघांचंही बरोबर. युरोपात उद्योगांसाठी २०१७ चा २१५८ क्रमांकाचा नियम आहे, त्यातही बटाटा ६ अंशांच्या वर ठेवा असंच आहे. त्याच नियमात संदर्भ पातळ्या आहेत. फ्रेंच फ्राइजला किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम, चिप्सना ७५०, गव्हाच्या मऊ पावाला ५०, भाजलेल्या कॉफीला ४००, इन्स्टंट कॉफीला ८५०. या कायदेशीर कमाल मर्यादा नाहीत. त्या ओलांडल्या तर उत्पादकाने आपली पद्धत तपासून सुधारायची, एवढा त्यांचा अर्थ.

बेकरीवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण इथे चूक करणं सोपं आहे.

खुसखुशीतपणासाठी काही बिस्किटांत अमोनियम बायकार्बोनेट घालतात. त्याने अ‍ॅक्रिलामाइड ठळकपणे वाढतं. जागी खाण्याचा सोडा वापरला की कमी होतं. पण चव सोड्याकडे झुकते आणि बिस्किट कमी पसरतं, म्हणून बदली एका फटक्यात न करता घाण्याघाण्याने करावी.

दुसरं, गूळ. साखर म्हणजे सुक्रोज, ते थेट या प्रक्रियेत उतरत नाही. गुळात आणि मधात ग्लुकोज-फ्रुक्टोज मोकळे असतात. त्यामुळे ‘हेल्दी’ म्हणून गूळ घालून कडक भाजलेली बिस्किटं या एका निकषावर साखरेच्या बिस्किटांपेक्षा मागे पडू शकतात. गुळाची पोळी तव्यावर मिनिटभरात होते, तिची बरोबरी ओव्हनमध्ये वीस मिनिटं भाजलेल्या कुकीशी करू नका.

---

फिल्टर_कापी

कॉफीत जितकी गडद भाजणी तितकं अ‍ॅक्रिलामाइड जास्त, असं समजायचं का?

---

अन्नतंत्र

उलट. भाजणीच्या सुरुवातीला ते झपाट्याने वाढतं, पुढे भाजत गेलं की मोडतं. फिकट भाजलेल्या बियांत जास्त, गडद भाजलेल्यांत कमी. खरा मुद्दा चिकोरीचा, म्हणजे भाजलेल्या मुळाच्या पुडीचा आहे. फक्त चिकोरीच्या पेयाला युरोपात संदर्भ पातळी थेट ४,००० आहे. आपल्याकडे फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळायची पद्धत आहेच, तेव्हा पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या. बाकी कॉफी हे पेय म्हणून २०१६ मध्ये २बी मधून गट ३ मध्ये उतरलं. घटक २ए, पेय गट ३. यादी कशी वाचावी याला याहून चांगलं उदाहरण नाही.

---

चहाबाज

आणि त्याच बैठकीत ‘फार गरम पेयं’ २ए मध्ये गेली. पेय कुठलंही असो, दोष ६५ अंशांवरच्या उष्णतेचा. अन्ननलिकेचं अस्तर पुन्हा पुन्हा भाजणं हे कारण मानतात. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५०,०४५ जणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. रोज ७०० मिली किंवा जास्त चहा, तोही ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या मानाने सुमारे ९० टक्के जास्त होता.

टपरीवरचा चहा पातेल्यातून गाळून थेट कपात येतो, म्हणजे ८० च्या पुढेच असणार. काचेचा किंवा स्टीलचा ग्लास असेल तर बोटांना चटका बसतो आणि माणूस आपसूक थांबतो. दुहेरी कागदी कपात आणि झाकणाच्या थर्मास-मगात तो इशाराच मिळत नाही, झाकण तर वाफही कोंडून ठेवतं. बशीत ओतून प्यायला लोक हसतात, पण पसरट बशीत चहा बघता बघता उतरतो. ज्यांना बशी चालत नाही त्यांनी दूध वेगळं ठेवून शेवटी थंडच घालावं. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर एकदा आपल्या नेहमीच्या कपात बुडवून किती मिनिटांनी ६० येतं ते बघा, पुढे अंदाज पक्का राहतो.

---

तांबडा_पांढरा

मटणाचं काय ते सांगून टाका, कोल्हापूर वाट बघतंय.

---

रसायनशाळा

लाल मांस २ए, २०१५. सस्तन प्राण्यांचं मांस : मटण, बीफ, डुक्कर. कोंबडी आणि मासे यात नाहीत. त्याच बैठकीत सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये गेलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो असा अंदाज आहे. लाल मांसाला रोज १०० ग्रॅममागे १७ टक्के, तेही संबंध खरोखर कारणाचा असेल तर. ही सापेक्ष वाढ आहे, शंभरातल्या अठरा जणांना होतो असा अर्थ काढू नये.

जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम. रविवारचा रस्सा त्यात बसतो. रस्सा पाण्यात शिजतो हेही त्याच्या बाजूचं. निखाऱ्यावर चरबी ठिबकून उठणारा धूर आणि करपलेली कड यांत नको ती संयुगं जास्त बनतात.

---

वडापाव_गणित

तळणाच्या धुराबद्दल. उच्च तापमानाच्या तळणातून निघणारा धूर २ए मध्ये आहे. इथे पदार्थ खाणारा कमी आणि कढईपाशी आठ तास उभा राहणारा जास्त मोजायला हवा. गाड्यावर, मेसमध्ये, फरसाणाच्या भट्टीत.

काय चुकतं? एक्झॉस्ट पंखा भिंतीत वर बसवतात, कढई खोलीच्या दुसऱ्या टोकाला. धूर आधी आचाऱ्याच्या तोंडावरून जातो, मग पंख्याकडे. हूड कढईच्या बरोबर वर आणि कढईच्या घेरापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा हवा. तेलकट जाळी धुतली नाही की ओढ निम्म्यावर येते. स्वच्छ हवा आत यायला खालून वाट नसेल तर पंखा नुसताच घरघरतो.

एक गोंधळ नेहमी होतो. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ते मोजणारं यंत्र तेल किती बिघडलं ते सांगतं, कर्करोगकारक किती आहे ते नाही. तरी बिघडलेलं तेल लवकर धूर सोडतं, म्हणून मर्यादा पाळलीच पाहिजे.

---

गोदाकाठ

चुलीचा धूर जोडतो. घरात लाकूड-गोवऱ्या जाळल्याचा धूर २ए, पण घरात दगडी कोळसा जाळल्याचा धूर गट १. लोक कोळसा ‘स्वच्छ’ समजतात कारण डोळे कमी चुरचुरतात. बंद खोलीत तो कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडने माणूस त्याच रात्री जातो.

---

मेंदीवाली

केस रंगवण्याचा मुद्दा कुणी घेतला नाही. न्हावी आणि ब्यूटी पार्लरवाल्यांचा व्यवसाय २ए, घरी केस रंगवणारं गिऱ्हाईक गट ३. डबी तीच. रोज बिनहातमोज्याने रंग कालवणं आणि महिन्यातून एकदा लावणं यातलं अंतर गटांमध्ये उतरलंय.

हातमोजे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), दर गिऱ्हाइकाला नवे. रंग कालवताना पूड उडते, तेव्हा खिडकीपाशी. रंगवलेले केस धुताना मोजे काढून टाकायची सवय असते, तीच घातक.

---

पांढरं_सोनं

ग्लायफोसेटवर लिहितो, जरा लांबेल.

मार्च २०१५ मध्ये आयएआरसीने त्याला २ए मध्ये टाकलं. माणसांमध्ये पुरावा मर्यादित, नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिका संस्थेच्या कर्करोगाबाबत. प्राण्यांमध्ये पुरेसा, आणि डीएनएची हानी व ऑक्सिडेटिव्ह ताण याबाबत भक्कम. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण म्हणालं की कर्करोगाची शक्यता कमी. दोघं एकाच पदार्थाबद्दल बोलतात, मग फरक का? आयएआरसीने प्रसिद्ध झालेले अभ्यास घेतले आणि बाजारातली मिश्रणंही पाहिली. प्राधिकरणाने मुख्यतः शुद्ध घटक पाहिला, कंपन्यांचे अप्रकाशित अभ्यासही मोजले, आणि प्रत्यक्ष वापरातल्या मात्रेचा विचार केला. युरोपने २०२३ मध्ये परवानगी आणखी दहा वर्षांनी वाढवली.

आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच करायची असं ठरवलं. वास्तव असं की विदर्भात तणनाशक सहन करणारं, मान्यता नसलेलं कापूस बियाणं पेरलं जातं आणि त्यावर हेच मारलं जातं. कायदा काय म्हणतो ते मी सांगितलं. आता ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्यासाठी :

सगळ्यात जास्त अंगावर येतं ते डबा उघडून औषध पंपात ओतताना, कारण ते मूळ तीव्रतेचं असतं. फवारताना चेहरा झाकणारा माणूस ओतताना उघड्या हाताने ओततो. नायट्राइलचे मोजे इथेच हवेत. सुती मोजे औषध शोषून दिवसभर कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा मोकळा हात धुतलेला बरा.

पंपाचं झाकण आणि वॉशर आधी नुसतं पाणी भरून तपासा. पाठीवर ओघळ आला तर सदरा दिवसभर भिजलेला राहतो, आणि हे सगळ्यात दुर्लक्षित.

तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, दाब कमी. कीटकनाशकाचा पोकळ शंकूचा नोझल लावला की थेंब बारीक होऊन उडतात, शेजारच्या पिकावर आणि आपल्या नाकात. वारा पाठीकडून हवा. मारलेल्या ओल्या तणातून पुढे चालत गेलं तर मांड्या-पोटऱ्या भिजतात, म्हणून दांडी बाजूला धरून न मारलेल्या पट्टीतून चाला आणि गमबूट पँटच्या आत घाला. बाहेर ठेवले तर औषध बुटात उतरतं.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश जवळ ठेवा. रिकामा डबा तीनदा खळाळून ते पाणी पंपातच, मग डब्याला भोक. घरात रॉकेल-तेलाला तो डबा येता कामा नये. कपडे वेगळे धुवायचे आणि धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत. धुणं हेसुद्धा संपर्कच आहे.

---

निळू_७२

पण डब्यावर लाल त्रिकोण नसतो. मग लोक सुरक्षित समजणारच ना?

---

पांढरं_सोनं

तेच तर. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तीव्र विषारीपणाचे. किती मात्रेत निम्मे उंदीर मरतात त्यावर ठरतात. वर्षानुवर्षांच्या संपर्कातून काय होतं त्याचा त्या रंगाशी संबंध नाही. मोनोक्रोटोफॉसचा डबा लाल. तो माणसाला काही तासांत आडवा करतो, पण त्याचं नाव २ए मध्ये नाही. मॅलॅथिऑन तुलनेने सौम्य गणलं जातं आणि ते २ए मध्ये आहे. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने माणसं गेली ती तीव्र विषबाधेने. दोन धोके, दोन वेगळ्या पट्ट्या, आणि डब्यावर एकच छापलेली.

डासांच्या धुरळणीत हेच मॅलॅथिऑन असतं, एक भाग औषधाला १९ भाग डिझेल या प्रमाणात. मशीन गल्लीत आलं की पोरं धुरात धावतात, त्यांना आत घ्या. मशीन चालवणाऱ्याला कापडी रुमाल पुरत नाही.

---

दर्यावर्दी

कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या, टाक्या, मखरं होतात, म्हणून स्टायरीनबद्दल. २०१८ च्या बैठकीत २बी मधून २ए मध्ये आलं. शरीरात त्याचं स्टायरीन ऑक्साइड होतं, तेही २ए. पुरावा मुख्यतः फायबर कारखान्यांतल्या कामगारांचा, रक्ताच्या कर्करोगांबद्दल, आणि मर्यादित.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये वजनाने ३० ते ४५ टक्के स्टायरीनच असतं. काही भाग घट्ट होताना साखळीत अडकतो, काही उडून हवेत जातो. स्प्रे गनने जास्त उडतं, ब्रश-रोलरने कमी.

मोठी चूक पंख्याची. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड. होडीच्या आत वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी ती साचते आणि पंखा मात्र शेडच्या छताला. लवचिक नळीचा ब्लोअर होडीच्या तळाशी सोडून हवा बाहेर ओढा. दुसरी चूक मास्कची. धूळ अडवणारा पांढरा मास्क वाफेला अजिबात अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लागतं, युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टीचं ‘ए’. ते उघडं टांगून ठेवलं तर रात्रभरात शेडमधली वाफ शोषून संपतं. हवाबंद डब्यात ठेवा. वासावर भरवसा नको. नाकाला सुरुवातीला फार थोडंही कळतं, पण थोड्या वेळात नाक मरतं.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, रेझिनच्या १ ते २ टक्के. पावसाळ्यात थंडाव्याने सुकत नाही म्हणून काही जण वाढवत नेतात, मग तापून तडे जातात. काही जण कमी घालतात, मग माल चिकट राहतो आणि आठवडाभर वाफ सोडत बसतो. रेझिन आणि खोली गरम करणं हा खरा उपाय. कोबाल्ट अ‍ॅक्सलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. हे दोन थेट एकत्र आले तर भडका उडतो. हात अ‍ॅसिटोनने धुऊ नका, कातडीचं तेल जातं आणि पुढच्या वेळी जास्त आत शिरतं.

पाळीच्या शेवटी लघवीतलं मॅन्डेलिक आम्ल तपासलं की किती आत गेलं ते कळतं. मालकाने वर्षातून निदान एकदा तरी करावं.

---

ओवी

मग थर्माकोलच्या कपात चहा?

---

दर्यावर्दी

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, साखळी पूर्ण झालेली. त्याची वर्गवारी गट ३. उरलंसुरलं मोकळं स्टायरीन अत्यल्प असतं. गरम आणि तेलकट पदार्थात थोडं जास्त उतरतं, म्हणून टाळावं हे ठीक. पण शेडमध्ये वाकलेल्या पोराची आणि कपाची एका वाक्यात बरोबरी नको.

---

लॅबकोट

दोन छोट्या नोंदी.

ड्रायक्लीनिंगचं पर्क्लोर २ए. कपडे घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून गॅलरीत टांगा, वास जाईपर्यंत कपाटात नको. गाडीच्या बंद काचांत ते गाठोडं घेऊन लांबचा प्रवास नको.

जैवरसायनाच्या विद्यार्थ्यांसाठी : जेल ओतायला अ‍ॅक्रिलामाइडची पूड तोलू नका, ३० टक्क्यांचं तयार द्रावण घ्या. पूड उडते आणि मज्जातंतूंवरचा परिणाम कर्करोगाच्या कितीतरी आधी दिसतो. जमलेल्या जेलमध्येही थोडं मोकळं अ‍ॅक्रिलामाइड उरतं, तेव्हा मोजे जेल उचलतानाही. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता त्यात एपीएस-टेमेड घालून घट्ट करा, मग घातक कचऱ्यात टाका.

---

गोदाकाठ

दर्यावर्दी, रेझिन पुसलेल्या चिंध्यांचं काय करता? आमच्याकडे एका शेडमध्ये कोपऱ्यात ढीग असतो.

---

दर्यावर्दी

ढीग नको. हार्डनर लागलेली चिंधी आतून तापत जाते आणि पेटते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवून त्यात बुडवा, आणि डबा रोज संध्याकाळी शेडच्या बाहेर. मगात उरलेलं रेझिन जाड थरात ठेवलं तर तेही उकळतं आणि भसाभस वाफ सोडतं. पत्र्यावर पातळ पसरून मोकळ्या हवेत घट्ट होऊ द्या, मग टाका.